आज मी किती चाललो?

चंपाबाईंना चालण्याची हौस कधीच नव्हती. पस्तीस वर्षं घरात नवरा चालत होता, तेवढं दोघांना पुरे, असं त्या म्हणायच्या. रामदास महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. पहाटे खांद्यावर ती लांबलचक लोखंडी चावी टाकून निघायचे आणि गल्ल्यागल्ल्यांतून पाणी सोडत हिंडायचे. येरवड्यात कुठल्या झाकणाखाली कुठला व्हॉल्व्ह आहे, तो किती आटे फिरवला की कुणाचा नळ वाजतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. रिटायर झाल्यावर चावी गेली, पण पाय काही घरी बसेनात. आणि इकडे चंपाबाई खालच्या दुकानात जायचं तरी दोनदा विचार करायच्या.

अशा बाईवर दोन खोल्यांच्या घरात रोज सहा हजार पावलं चालायची वेळ आली, आणि तीही नवऱ्याच्या नावावर.

झालं असं की फेब्रुवारीत रामदासांची उजवी पोटरी चालताना भरून यायला लागली. तपासण्या झाल्या. मांडीतली मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद, असं निघालं. डॉक्टर कल्याणी मॅडमनी जाळी बसवली आणि घरी सोडताना दोघांना समोर बसवून सांगितलं, "काका, माझं काम झालं, आता तुमचं. रोज चालायचं. चाललात की आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंद होतात आणि रक्त खाली पोचवतात. बसून राहिलात, तर पाय हातचा जाईल."

"पाय, आणि हातचा?" रामदास म्हणाले. मॅडम हसल्या. मग रामदासांनीच चंपाबाईंना सगळं आपल्या खात्याच्या भाषेत समजावून दिलं. बारा इंची लाइन गंजली आहे. पाऊल म्हणजे टेलएंड, लाइनीचं शेवटचं टोक. मेन लाइनला प्रेशर नसलं की पहिली बोंब टेलएंडची.

बंगळुरूला असलेल्या मैत्रीनं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, दीड तास फोनवर डोकेफोड करून वडिलांच्या मोबाइलमध्ये चालण्याचं ॲप घालून घेतलं. मोबाइल खिशात ठेवून चाललं की पावलं मोजली जायची, हिरवं वर्तुळ भरत यायचं, आणि ते वर्तुळ तिकडे मैत्रीलाही दिसायचं. ठरलेला आकडा गाठला की आतून एक बाई सपाट आवाजात बोलायची, "अभिनंदन, रामदास! आज तुम्ही चार हजार पावले चाललात." चंपाबाईंना पहिल्या दिवशी त्या बाईचा थोडा रागच आला. परकी बाई, आणि सरळ नावानं हाक मारते.

मार्चपर्यंत सगळं छान चाललं होतं. तळमजल्यावरचे गेनबा जोडीला होते. कोरोनाची दुसरी लाट आली, रस्त्यावर फिरणं बंद झालं, तेव्हा दोघं गच्चीवर चालायला लागले. सेक्रेटरीनं गच्चीला कुलूप घातलं. मग दोघांनी नवीनच टूम काढली. सकाळी सात वाजता गेनबा खाली, रामदास वर तिसऱ्या मजल्यावर, कानाला फोन लावून आपापल्या घरात चालायचे.

"काय रं, चालतोयस का बसलायस?" गेनबा विचारायचे.

"तुझ्या डोक्यावर चालतोय. ऐकू येत नाही का?"

"तसं न्हाय. आवाज बसल्याला हाय तुझा."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेनबांना ताप आला. बेड मिळायला दोन दिवस लागले. स्वतःच्या पायांनी ॲम्ब्युलन्समध्ये चढलेला माणूस पाचव्या दिवशी गेला. घरच्यांना तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. त्यांची बायको कौशल्या खाली दाराला क्वारंटाइनची पट्टी लावलेल्या घरात एकटी रडत होती, आणि वर चंपाबाई जिन्याचा कठडा धरून नुसत्या ऐकत होत्या. खाली जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवायचीही सोय नव्हती.

रामदास रडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सात वाजले, फोन वाजला नाही, आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिसऱ्या दिवशीही तसेच. जेवायला उठून बसायचे, बाथरूमला जाऊन यायचे, की परत भिंत. चंपाबाईंनी विनवलं, रागावून पाहिलं, चपला पलंगाशी आणून ठेवल्या.

"अहो, चार पावलं तरी टाका. माझ्यासाठी टाका."

"कुठे जायचंय?" एवढंच ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चंपाबाई रामदासांचाच फोन हातात घेऊन घरभर फिरत होत्या. कौशल्याला जेवण कोण देतंय, औषधं कोण आणतंय, दहा जणांशी बोलायचं होतं. शेवटचा फोन ठेवला आणि मैत्रीचा मेसेज आला. 'पप्पा उठले!!! दोन हजार शंभर! पप्पा, मला किती बरं वाटलं सांगू!' पाठोपाठ तिच्या आवाजातला मेसेज आला, रडत रडत हसणारा. सातवा महिना लागला होता तिला. आदल्या रात्री तिनं आईला बजावून सांगितलं होतं, "पप्पा अजून दोन दिवस चार हजारांच्या खाली राहिले ना, तर मी काही ऐकणार नाही. आयुषला गाडी काढायला लावीन आणि सरळ निघून येईन."

ती बोलली म्हणजे नवऱ्याला घेऊन येणारच. बापावर गेली होती. आणि त्या दिवसांत रोज कुठली ना कुठली पोटुशी दगावल्याची बातमी यायची. चंपाबाई बातम्यांचा आवाज बंद करायच्या, पण खालची पट्टी वाचल्याशिवाय राहवायचं नाही. आठशे किलोमीटर प्रवास, वाटेत जेवणं, बाथरूम, आणि इथे तळमजल्यावर ताजा मृत्यू झालेलं घर.  चंपाबाईंनी मैत्रीला लिहिलं, 'हो. उठले.'

बस्स, दोन शब्द. उद्या ते खरंच उठतील आणि आपलं खोटं आपोआप खरं होईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

उद्या ते उठले नाहीत. चंपाबाईंनी जुन्या ब्लाउजच्या कापडाची एक पिशवी शिवली, तिला नाडी लावली, त्यात रामदासांचा फोन घातला आणि कमरेला बांधला. ओट्यापासून गॅलरीपर्यंत अकरा पावलं, गॅलरीपासून ओट्यापर्यंत अकरा. दोन-चार दिवसांत त्या यात तरबेज झाल्या. झाडताना आकडा बरा पडतो. कपडे वाळत घातले की चाळीस, पिळले तर शून्य. भाकरी थापण्याला ॲपच्या लेखी काडीची किंमत नव्हती; बाईमाणसाच्या कामाची किंमत करायची नाही हे त्या यंत्रालाही कुणीतरी शिकवून ठेवलं होतं. दुपारी एक ते तीन त्या मुद्दाम चालायच्या नाहीत, कारण ती रामदासांची झोपायची वेळ. इतकं चोख खोटं आपल्याला जमेल असं त्यांना आयुष्यात वाटलं नव्हतं.

आणि ॲपला समाधान म्हणून नव्हतं. चार हजार नीट झाले की आठवड्याभरात त्यानं पाच मागितले. पाच झाले, सहा मागितले. मैत्री तिकडून टाळ्या पाठवत होती. इकडे चंपाबाईंचा डावा गुडघा सुजून भोपळा झाला होता. भिंत धरून, ओठ चावून त्या शेवटची फेरी पुरी करायच्या, आणि कमरेतून आवाज यायचा, "अभिनंदन, रामदास!"

पलंगावरून रामदास कूस न बदलता विचारायचे, "आज मी किती चाललो गं?"

"सहा हजार दोनशे."

"दमलो असेन मग. पडू दे मला."

पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं तेव्हा चंपाबाईंना हसू आलं. माणूस चेष्टा करतोय म्हणजे अजून आत धुगधुगी आहे, असं वाटलं. दहाव्यांदा विचारलं तेव्हा त्या ओट्याशी जाऊन रडल्या. मैत्रीला खरं सांगायचं, तर ती येणार. नाही सांगायचं, तर हे असेच पडून राहणार, आणि त्यांना उठवू शकेल अशी जगात एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मैत्री. कुठूनही फिरून चंपाबाई तिथेच येत होत्या.

रोज संध्याकाळी साडेसहाला विहारातल्या बायका फोनवर एकत्र येऊन बुद्धवंदना म्हणायच्या. विहार बंद, म्हणून ही सोय. चंपाबाईंचा आवाज खणखणीत, त्यांच्यामागे बाकीच्या म्हणायच्या. त्रिशरण झालं, पहिली तीन शीलं झाली, की चौथं यायचं, खोटं न बोलण्याचं. चंपाबाई त्याआधी म्यूटचं बटण दाबायच्या. पाचव्याला परत यायच्या. बायका म्हणायच्या, "चंपाताई, तुमची रेंज नेमकी तिथेच कशी जाते हो?"

"आमच्याकडे हल्ली जातेच," चंपाबाई म्हणायच्या.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी सहा वाजता रामदास ओरडले. कण्हणं वेगळं आणि ओरडणं वेगळं. चंपाबाई धावल्या. ते पलंगावर उठून बसले होते आणि उजवी पोटरी दोन्ही हातांनी आवळून धरली होती. चंपाबाईंनी पाऊल हातात घेतलं. ते माठासारखं गार होतं. डावं मात्र नेहमीसारखं, कोमट.

त्यांनी मैत्रीलाच फोन केला. दुसरं कुणाला करणार? मैत्रीनं भराभर हालचाल केली आणि नऊ वाजता मॅडमची व्हिडिओवरची वेळ मिळवली. हॉस्पिटल कोविडचं झालं होतं, बाकीचे पेशंट फोनवरच बघत होते. स्क्रीनवर तीन चौकोन आले. एकात मॅडम, डोळ्यांखाली मास्कचे वळ, तीन रात्री न झोपल्यासारख्या. एकात मैत्री, उशीला टेकून बसलेली, एक हात पोटावर. आणि एकात रामदासांचं पाऊल, कारण चंपाबाईंनी फोन तिकडे धरला होता.

"रंग नीट कळत नाहीये, काकू. उजेडात घ्या. काका, बधिर वाटतंय?"

"मुंग्या येतात जरा." रामदासांचं कपाळ घामानं चमकत होतं. "एवढं काही नाही. हॉस्पिटलात नको, मॅडम. गेनबा चालत गेला होता."

"कोण गेनबा?"

"पप्पांचे मित्र," मैत्री म्हणाली. "डॉक्टर, एक मिनिट, मी स्क्रीन शेअर करते. त्यांचा पूर्ण रेकॉर्ड आहे माझ्याकडे."

आणि स्क्रीनवर हिरव्या काठ्या उभ्या राहिल्या. सव्वीस दिवसांच्या सव्वीस. पहिली बुटकी, मग चढत चढत गेलेल्या. मैत्रीच्या आवाजात अभिमान मावत नव्हता. "काल सहा हजार चारशे झाले. एक दिवस चुकवलेला नाही त्यांनी."

मॅडम पुढे वाकून बघत राहिल्या. "वा. हे फारच छान आहे." त्यांच्या आवाजातला ताण थोडा सैल झाला. "बघा, मला भीती होती ती जाळी बंद होण्याची. तसं असेल तर हातात जेमतेम सहा तास असतात, मी आत्ताच्या आत्ता बोलावलं असतं. पण ज्या पायात रक्त नाही, तो आदल्या दिवशी सहा हजार पावलं चालत नाही. हे कदाचित जास्त चालण्यानं झालं असेल. आणि इथे आत्ता जी अवस्था आहे, त्यात काकांसारख्या साखर असलेल्या माणसाला उगीच आणू नये असं मला वाटतं." त्या क्षणभर थांबल्या. "काकू, हे एवढं ते स्वतः चालतात ना?"

 रामदास चंपाबाईंकडे बघत होते. सव्वीस दिवस भिंतीकडे असलेली ती नजर पहिल्यांदा सरळ त्यांच्यावर होती, आणि ते हळूच मान हलवून नको म्हणत होते. मैत्री चौकोनात हसत होती. पोटावरचा हात तिनं हलकेच फिरवला. तिच्या मागे दार उघडं होतं आणि दाराशी एक भरलेली बॅग दिसत होती. सकाळीच भरली असणार.

"हो," चंपाबाई म्हणाल्या.

"मग चार-पाच दिवस चालणं बंद. गोळ्या लिहून पाठवते. बोटं हलेनाशी झाली किंवा पाय बधिर पडला, तर लगेच फोन करा. लगेच."

चौकोन एकेक करून गेले. रामदासांनी सुस्कारा सोडला. "बरं केलंस," ते म्हणाले. आयुष्यात त्यांनी बायकोला असं फार वेळा म्हटलं नव्हतं.

पण चंपाबाईंना बसवेना. त्या ओट्याशी गेल्या, चहा टाकला, गॅस बंद केला, परत आल्या. पाऊल चोळलं. गरम पाण्याची पिशवी ठेवावी का? ठेवू नये, असं मागे मॅडम म्हणाल्या होत्या. सहा तास. सहाला दुखायला लागलं, म्हणजे बारापर्यंत. दहा वाजले. अंगठ्याच्या टोकाला जांभळी छटा आली होती, की त्यांनाच तसं वाटत होतं? साडेदहाला रामदास शांत पडले. दुखायचं थांबलं म्हणाले. चंपाबाईंना हायसं वाटलं, आणि लगेच मॅडमनी बधिर पडण्याबद्दल बजावलेलं आठवलं.

"बोटं हलवा बघू."

ते पावलाकडे बघत राहिले. कपाळाला आठ्या घालून, जोर लावून. बोटं हलली नाहीत.

"चंपा," ते म्हणाले, "टेलएंडला पाणी बंद झालं गं."

मग मात्र चंपाबाईंनी लाज गुंडाळून ठेवली. मॅडमचा फोन लावला. व्यग्र. परत लावला. बंद. हॉस्पिटलचा लावला. आधी साबणानं हात धुण्याची सूचना, मग संगीत, मग, "कोविडसाठी एक दाबा." त्यांनी एक दाबला, दोन दाबला, सगळे दाबले. शेवटी एक मुलगी बोलली.

"आजी, मॅडम आत ऑपरेशनला आहेत. निरोप देते. काय सांगू?"

"सांग, ते चालले नाहीत! एक पाऊलसुद्धा चालले नाहीत. मी चालले. मी खोटं बोलले, सांग."

"आजी, नीट सांगा. कोण चाललं?"

पुढचं त्यांनी ऐकलं नाही. जिन्यात जाऊन त्या कौशल्याच्या नावानं ओरडल्या. कौशल्याची पट्टी निघाली होती. तिनं पलीकडच्या चाळीतल्या साईनाथला रिक्षा घेऊन बोलावलं. पण तो दुसऱ्या एका पेशंटला सोडायला लांब गेला होता, यायला पाऊण तास लागला. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघा-तिघांनी रामदासांना तीन जिने उतरवलं. तळमजल्यावर गेनबांच्या बंद खिडकीसमोर खुर्ची टेकवली, तेव्हा रामदासांनी डोळे मिटून घेतले. सबंध वाटेत चंपाबाई ते पाऊल पदरात गुंडाळून मांडीवर धरून बसल्या होत्या.

हॉस्पिटलच्या दारात आधी नाकात काडी घातली. रिपोर्ट आल्याशिवाय आत नाही. चंपाबाई हात जोडत होत्या, आणि तिथे हात जोडणारे इतके होते की त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जाईना. मॅडम बाहेर आल्या तेव्हा पावणेदोन वाजले होते. त्यांनी पाऊल बघितलं, घोट्याशी बोटं ठेवली, मांडीत ठेवली.

"काल हे किती चालले?"

"बाथरूमपर्यंत."

"आणि ते आकडे?"

"माझे," चंपाबाई म्हणाल्या. "फोन माझ्या कमरेला होता. मुलगी गरोदर आहे हो. ती निघून आली असती."

 मॅडमनी निदान ओरडायला तरी हवं होतं, असं चंपाबाईंना वाटलं. मॅडमनी स्ट्रेचर ओढलं आणि स्वतःच ढकलत आत नेलं.

संध्याकाळी साडेपाचला त्या परत आल्या. गुठळी काढली, पण खाली रक्त उतरेना. मांस मरत चाललं होतं आणि त्याचं विष अंगात पसरायला लागलं होतं. पाय काढावा लागेल, गुडघ्याच्या वरून, आजच. कागदावर सही हवी. चंपाबाईंनी सही केली. अक्षर इतकं वाकडं आलं की नर्सनं खाली परत पूर्ण नाव लिहून घेतलं.

मग त्यांनी मैत्रीला फोन केला. दुपारपासून तिचे एकवीस फोन येऊन गेले होते.

"आई! कुठे आहेस? कौशल्याकाकू म्हणाल्या हॉस्पिटलात. आई, मी निघतेय. आयुष बॅगा खाली नेतोय. पप्पा कसे आहेत?"

"पाय काढतायत, बाळा."

पलीकडून श्वासाचा आवाज आला. "पण ते तर चालत होते ना?"

चंपाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. आणि त्यांनी सगळं सांगितलं. पिशवी, नाडी, अकरा पावलं, दुपारचे दोन तास. काही म्हणता काही लपवलं नाही. इतके दिवस तुंबलेलं एकदम बाहेर पडत होतं आणि त्यांना ते थांबवता येत नव्हतं. 

सगळं ऐकून झाल्यावर मैत्री हळू बोलली. "सकाळी नऊ वाजता तुला माहीत होतं?"

"हो."

"मॅडमनी तुला विचारलं. समोर."

"हो."

"आणि तो चार्ट मी लावला. आई, मी लावला. मी त्यांना दाखवला, बघा म्हटलं. त्यांनी बोलावलं असतं, आणि मी..." 

"तू येशील म्हणून गं. तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं? सगळा दोष माझा आहे. तुझा काही नाही. ऐकतेस ना?"

तिकडे आयुषचा आवाज आला, गाडी काढली आहे, उतरतेस ना?  चंपाबाईंना वाटलं फोन बंद पडला. त्यांनी कानापासून काढून बघितला. चालू होता.

"नको," मैत्री आयुषला म्हणाली. "बॅगा वर आण." आणि मग आईला, "मी येत नाही."

गेले सव्वीस दिवस चंपाबाई एवढ्यासाठीच चालत होत्या.